आरामखुर्चीतल्या भूमिकेबद्दल

तीर्थरूप मामांना आणि सौ. मामींना भाच्याचा साष्टांग नमस्कार (साष्टांग हा शब्द या वेळी नुसता शोभेला घातलेला नाही. पुढे वाचाल तसतशी त्याची गरज पटेल).

तिकडे ताईच्या घरी तुमची दोघांची तब्येत बरी असेल, तिचं बाळ आता मान धरू लागलं असेल आणि जावईबापूंच्या चष्म्याचा नंबर तुम्ही एव्हाना घरच्या घरी तपासून टाकला असेल, असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक आहे. दुकान वेळेवर उघडतो आणि वेळेवर बंद करतो. दारावरची घंटा मीच दुरुस्त केली. ती आता गिऱ्हाईक आत आल्यावर एकदा वाजते आणि नंतर तिला वाटेल तेव्हा एकदा. आई सर्दीने हैराण होती, पण आता नाक मोकळं झालंय आणि तोंडही, त्यामुळे काळजीचं कारण नाही. तुमची आरामखुर्ची जागच्या जागी आहे. तिच्यावर कुणी बसत नाही. लोक फक्त तिचे फोटो काढतात.

हे शेवटचं वाक्य वाचून तुम्ही चष्मा नाकावर खाली ओढला असेल, हे मला इथून दिसतंय. तुम्ही फोनवर मला विचारलंतही होतं की दुकानात मागे एवढी गडबड कसली, आणि मी माल मोजतोय असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, फक्त अपुरं होतं. फोनवर सविस्तर बोलायची सोय नाही, कारण तुम्ही दुसऱ्या वाक्याला 'मुद्द्याचं बोल' म्हणता, आणि या प्रकरणात मुद्दा जितका उशिरा येईल तितकं माझ्या दृष्टीने बरं. म्हणून पत्र. माझा सिनेमा तगतो की डब्यात जातो हे आता फक्त तुमच्यावर आहे, तेव्हा कृपा करून शेवटपर्यंत वाचा आणि मधेच डोळ्यांना विश्रांती देऊ नका.

तर सिनेमा. मागच्या वर्षी मी तुमच्याकडे दुपारच्या सुट्टीत दुकान मागितलं होतं, आठवतंय ना? यशाच्या मागे धावणाऱ्या एका तरुणाची गोष्ट आहे, 'आणखी थोडं वर' असं नाव आहे, भाड्याने जागा घ्यायची ऐपत नाही, असं मी एका दमात सांगितलं होतं. तुम्ही भिंगावर फुंकर मारलीत, ते पुसलंत आणि म्हणालात, नाही. तुमचं नाही म्हणजे काय असतं हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मामींच्या निळ्या पडद्यांना तुम्ही असंच नाही म्हणाला होतात. मामींनी ते तरीही लावले, आणि तेव्हापासून तुम्ही खिडकीकडे पाठ करून जेवता, म्हणजे पडदे लागले आहेत हे तुम्हाला अधिकृतरीत्या माहीत नाही. (ते छान दिसतात असं तुम्ही शेजाऱ्यांना सांगितल्याचं मामींच्या कानावर आलंय, पण तो वेगळा विषय.)

मामा, तो सिनेमा झाला. आपल्याच दुकानात झाला, दुपारच्या सुट्टीतच झाला, आणि झाला तेव्हा तुम्ही तिथेच होतात.

आता इथे एक नाजूक गोष्ट येते. तुम्ही दुपारी झोपत नाही हे मला मान्य आहे. शटर अर्धं ओढून तुम्ही डोळ्यांना विश्रांती देता. चष्मा काढतसुद्धा नाही, कारण झोपणारा माणूस चष्मा काढून झोपतो हा तुमचा मुद्दा आहे, आणि तो खोडून काढायची आजवर कुणाची छाती झालेली नाही. तुमच्या या विश्रांतीच्या वेळात आम्ही सगळी भावंडं कुजबुजत लहानाची मोठी झालो. ताईची आणि माझी कितीतरी भांडणं कुजबुजत झाली, एकमेकांच्या झिंज्या ओढतानासुद्धा आम्ही ओरडलो नाही. त्यामुळे मला अगदी मनापासून वाटलं की तुमच्या विश्रांतीत, कुजबुजत, खुर्चीला धक्का न लावता एक सिनेमा उरकता येईल. नाहीतरी तुम्ही दुकान द्यायला नाही म्हणाला होतात, आणि दुकान मी घेतलं नव्हतं, फक्त त्याच्या उरलेल्या भागात वावरत होतो. (हा युक्तिवाद मला तेव्हा भक्कम वाटायचा. कागदावर उतरल्यावर थोडा डगमगतोय.)

आम्ही माणसं मोजकीच. नायक म्हणजे माझा मित्र लंबू, जो दारोदार पाण्याचे फिल्टर विकतो. यशाच्या मागे धावण्याचा त्याला दांडगा अनुभव आहे, यशाला त्याचा नाही. नायिका, मुलाखत घेणारी साहेबीण, बँकेची अधिकारी आणि विमानतळावरची मदतनीस या सगळ्या भूमिका वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे नावं नोंदवून घेणाऱ्या मुलीने केल्या, कारण डॉक्टर जेवायला गेले की ती मोकळी असायची. डॉक्टर भराभर जेवतात, त्यामुळे तिचे सगळे संवाद अर्धवट आहेत. आणि कॅमेरा धरला होता लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या आपल्या फोटोवाल्याने, ज्याने ताईच्या लग्नात तुम्हाला जेवताना चारही बाजूंनी टिपलं होतं.

घोडं अडलं ते या फोटोवाल्यापाशी. त्याची शिस्त अशी की हॉलमध्ये जितकी वडीलधारी माणसं बसली असतील त्या प्रत्येकाचा चेहरा यायलाच हवा. एखादे काका राहिले तर नंतर दोन घरांत बोलाचाली बंद होतात आणि खापर त्याच्या डोक्यावर फुटतं. इतकी वर्षं हेच केल्यावर हात ऐकत नाही. लंबू नोकरी गेल्याचं दुःख करतोय, डोळ्यांत पाणी आणलंय (कांद्याचं, पण आणलंय), आणि कॅमेरा सावकाश त्याच्यावरून सरकून आरामखुर्चीतल्या तुमच्यावर जाऊन थांबतोय, तिथे प्रेमाने जरा जवळ जातोय, आणि मग परत लंबूकडे. मी कानात सांगून सांगून थकलो. तो मान डोलवायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. म्हणायचा, अरे, मामा बसलेत समोर, त्यांना वगळून कसं चालेल, बरं दिसतं का ते?

त्यात आपल्या दुकानात भिंतींपेक्षा आरसे जास्त. गिऱ्हाइकाला कुठेही उभं राहून स्वतःचं तोंड दिसावं म्हणून ते तुम्हीच लावलेत. एक झाकला की दुसऱ्यात तुम्ही. समोरून टाळलं की मागून तुम्ही, मागून टाळलं की कोपऱ्यातल्या लहान आरशात फक्त तुमचे पाय. खुर्ची हलवायचा विचार एकदा केला, पण ती एवढी करकरते की तो तिथेच सोडला. शेवटी मी हात टेकले आणि ठरवलं की मामा दिसणारच आहेत तर निदान प्रसंगाला धरून दिसू देत. मोठ्या कंपनीच्या बाहेर ताटकळणाऱ्या उमेदवारांचा प्रसंग होता, तेव्हा तुमच्या मांडीवर हळूच एक फाइल ठेवली. बँकेच्या प्रसंगात तुमच्या डोक्यावर रखवालदाराची टोपी. विमानतळावर पायाशी बॅग, आणि गळ्याभोवती ती घोड्याच्या नालासारखी प्रवासाची उशी. उशी घालताना फोटोवाल्याने श्वास रोखून धरला होता आणि मी मनातल्या मनात तुमची माफी मागत होतो. तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. उलट उशी घातल्यावर मान जरा आरामात टेकवलीत, असं आम्हाला वाटलं.

एकदाच काय ती अडचण आली. शेवटच्या प्रसंगात नायक सगळं मिळवून जुन्या दुकानात परत येतो आणि खुर्चीतल्या वृद्ध गृहस्थांसमोर (क्षमा असावी, वृद्ध हा शब्द पुढे वर्तमानपत्राने वापरला, माझा नाही) यश म्हणजे काय यावर भाषण करतो. ते भाषण मी फार जीव ओतून लिहिलं होतं. त्यात शिखर हा शब्द बऱ्याचदा येतो. लंबूने कुजबुजत सुरुवात केली, दुसऱ्या शिखरापर्यंत पोचला, आणि तुम्ही घोरलात. चांगलं खर्जातलं, लांबलचक. आम्ही थांबलो, वाट पाहिली, पुन्हा सुरू केलं. बरोबर त्याच शिखरापाशी तुम्ही पुन्हा घोरलात. तिसऱ्या खेपेला लंबू तिथे आपणहूनच गप्प झाला. तुमच्याकडे बघत राहिला, मग स्टूल ओढून तुमच्या शेजारी बसला आणि त्याने बुटाच्या नाड्या सैल केल्या. नाड्या कथेत नव्हत्या, बूट त्याला चावत होते. तुम्ही घोरला नाहीत. त्याला फिल्टरच्या मीटिंगला पळायचं होतं म्हणून आम्ही तोच शेवट ठेवला.

पहिला खेळ वाचनालयाच्या वरच्या खोलीत लावला. आलेली बहुतेक सगळी आपली गिऱ्हाइकं, म्हणजे निदान चष्मा तरी प्रत्येकाकडे होता. मी मागच्या भिंतीला चिकटून उभा. सुरुवातीला शांतता. लोक एकमेकांना आवाज वाढवायला सांगत होते, कारण सगळा सिनेमाच कुजबुजीत आहे. मग मांडीवर फाइल घेतलेले तुम्ही दिसलात आणि एक जण खुदकन हसला. बँकेत टोपी घातलेले तुम्ही दिसलात तेव्हा अख्खी खोली हसली. मला वाटलं, संपलं, आता तोंड लपवायला जागा शोधा. पण विमानतळावर लंबू धापा टाकत पळत येतो आणि मागे तुम्ही उशी लावून निवांत, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि शेवटी तो तुमच्या शेजारी बसला तेव्हा कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या बाईंनी चष्मा काढून पुसला. (आपल्याकडचाच. काच मीच बसवलेली.) बाहेर पडताना एकानेही लंबूला विचारलं नाही. जो तो हेच विचारत होता की ते झोपलेले गृहस्थ कोण. लंबू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि बोलला तेव्हाही कुजबुजत. त्याची ती सवय अजून गेलेली नाही. कुजबुजून सांगितलं की गिऱ्हाईक जास्त लक्ष देऊन ऐकतं म्हणे. फिल्टर खपतायत.

मग वर्तमानपत्रात आलं. कात्रण सोबत जोडलंय. त्यांनी लिहिलंय की यशाच्या कोलाहलावर दिग्दर्शकाने कुजबुजीचा उतारा दिला आहे, आणि नायक जिथे जिथे ऊर फुटेस्तोवर धावत पोचतो तिथे तो निद्रिस्त माणूस आधीच पोचलेला असतो, ही कल्पना विलक्षण आहे. मला ती कल्पना तिथे वाचूनच कळली. शेवटी भाषणाचा मोह टाळल्याबद्दल माझी पाठ थोपटली आहे. त्यानंतर दुकानात लोक यायला लागले. खुर्ची बघतात, तिच्या हातावरून हात फिरवतात, आणि तुमच्यासारखी फ्रेम मागतात. खालच्या खणात वर्षानुवर्षं पडून असलेल्या जाड काळ्या फ्रेमा, ज्या तुम्ही मला भंगारात देऊ देत नव्हतात, त्या सगळ्या संपल्या. हे वाचून तुमचा राग निम्मा तरी उतरावा अशी आशा आहे.

आणि खरं सांगायचं तर, मामा, मी खूश आहे. इतका खूश मी कधी असेन असं वाटलं नव्हतं. मी यशावर सिनेमा करून मोठा होणार होतो, दुकान सोडणार होतो, हे तुम्हाला मी बोललो नव्हतो तरी तुम्हाला कळलं असणार. आता सकाळी शटर उघडतो, काचा पुसतो, कुणाच्या तरी नाकावर फ्रेम नीट बसवतो आणि मनात दुसऱ्या सिनेमाचा विचार करतो. दोन्ही एकत्र चालतं असं दिसतंय. मला आधी ते कुणी सांगितलं नव्हतं.

आता घोडं दुसऱ्यांदा कुठे अडलंय ते सांगतो. सिनेमा एका मोठ्या महोत्सवाने स्पर्धेत घेतलाय. खरं मोठं थिएटर, खरा पडदा. आणि परीक्षकांनी कळवलंय की सहायक अभिनेत्याचं बक्षीस आरामखुर्चीतल्या नटाला द्यायचं ठरलंय. निद्रेचा इतका संयत अभिनय त्यांनी पूर्वी पाहिलेला नाही म्हणे. हे वाचून मी आधी हसलो आणि मग ते पुन्हा वाचलं. तो अभिनय नव्हता हे मला माहीत आहे. झोपलेल्या माणसाच्या नावावर बक्षीस घ्यायचं म्हणजे लबाडीच, तसं कळवून टाकू का, असं मी लंबूला विचारलं. त्याने कुजबुजत मला वेड्यात काढलं. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे पडद्यावर ज्याचा ज्याचा चेहरा दिसतो त्या प्रत्येकाची लेखी परवानगी त्यांना हवी आहे. एक जरी नसली तरी सिनेमा स्पर्धेतून बाद. सगळ्यांच्या आल्या. फक्त एकाची राहिली आहे, आणि त्या एकाने दुकानात सिनेमा करायला नाही म्हटलेलं आहे.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार, ताईला आठवण, बाळाला पापा. चूकभूल पदरात घ्यावी.

तुमचा, काचा सरळ आणि बाकी सगळं वाकडं बसवणारा,
भाचा

ता. क. : परवानगीचा कागद सोबत आहे. खुणेच्या जागी फक्त सही हवी. तुम्ही सही कराल तर शब्द फिरवल्यासारखं होईल, ही तुमची अडचण मी समजू शकतो. पण दुसऱ्या बाजूने बघा. त्या कागदावर तुमच्या नावापुढे नट असं लिहिलंय. म्हणजे तुम्ही झोपला नव्हतात, झोपेचा अभिनय करत होतात, असं आता छापील स्वरूपात सिद्ध होईल, आणि घरातल्या कुणालाही पुन्हा शंका घेता येणार नाही. हा मुद्दा काढायला मला आणि लंबूला एक अख्खी दुपार लागली. मुदत जवळ आली आहे.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवलं नव्हतं, कारण आईला चार ओळी लिहायच्या होत्या. सर्दीमुळे तिचा पहिला खेळ हुकला होता, काल तिने दुसरा पाहिला. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते आणि ती शेजारी ढिम्म बसून पडद्याकडे टक लावून बघत होती. मध्यंतरात म्हणाली, अरे, हा झोपलेला नाहीये. मी म्हटलं, आई, असं काय करतेस, आम्ही टोपी घातली तरी त्यांना कळलं नाही. तर म्हणाली, मी याच्या शेजारी झोपून लहानाची मोठी झाले. हा झोपला की याचं तोंड उघडं पडतं, माशी आत जाऊन बाहेर आली तरी पत्ता लागत नाही. सबंध सिनेमात याचं तोंड मिटलेलं आहे. आणि घोरणं म्हणशील, तर हा जन्मात कधी घोरलेला नाही. घोरायचे ते आमचे बाबा, अगदी असेच, आणि हा त्यांची नक्कल करून आम्हाला हसवायचा. मग मी बँकेचा प्रसंग पुन्हा लावून पाहिला. टोपी घसरून तुमच्या नाकावर येते, कॅमेरा लंबूकडे जाऊन परत येतो, तर टोपी सरळ. मला वाटत होतं फोटोवाल्याने केली. फोटोवाल्याला वाटत होतं मी केली. माझं भाषण एवढं वाईट होतं तर तोंडाने सांगायचं होतंत ना, मामा. मी नक्कीच ऐकलं नसतं.

शेवटचा ता. क. : आईला राहवलं नाही, तिने मामींना फोन केला. तुम्ही बाळाला फिरवायला बाहेर गेला होतात, त्यामुळे हे बोलणं तुम्हाला माहीत नसेल. मामी म्हणाल्या की मागच्या वर्षी एक सबंध महिना तुमचं काहीतरी बिनसलं होतं. संध्याकाळी घरी यायचात ते पेंगतच. जेवता जेवता ताटावर डुलक्या घ्यायचात, हातातला घास हातातच राहायचा. मामी घाबरल्या, डॉक्टरकडे चला म्हणाल्या. तर तुम्ही म्हणालात, काही नाही गं, सध्या दुपारची झोप होत नाही. दुकानात पोरांचं काम चालू आहे.

मुदतीचं मी बघून घेईन, मामा. सही सावकाश करा. आधी दुपारी नीट झोपा. चष्मा काढून.